मेव्हण्याचा सत्कार

माझ्या नवऱ्याचं काम नेमकं काय, हे लग्नानंतर बरीच वर्षं मला कोणाला सांगता येत नसे. अमेरिकेत ॲन आर्बरला त्याची पीएचडी चालू होती, तेव्हा मी एकदा विचारलं. त्याने पाकिटाच्या मागच्या बाजूला एक नळी काढली. दोन्ही तोंडं उघडी. पुढून हवा आत घुसते, मध्ये इंधन जळतं, मागून झोत बाहेर पडतो. आत पंखा नाही, चाक नाही, फिरणारं असं काहीच नाही.

"मग चालू कसं होतं?" मी म्हटलं.

"आपण होऊन नाहीच होत. आधी कोणीतरी जोरात फेकावं लागतं. एकदा वेग आला की मग पळत राहतं."

"अहो, म्हणजे तुमच्यासारखंच," मी म्हटलं. त्याला हसू आलं नाही. नळीबद्दल थट्टा त्याला कधीच चालली नाही. (इथे लिहिताना मी त्याला एकेरीत लिहिते आहे. घरात अहो-जाहोच होतं.)

त्या नळीसाठी आम्ही पुढे न्यू जर्सीत आलो. अमेरिकन नौदलाची कामं घेणारी एक छोटी कंपनी होती. काम काय, ते त्याने मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण मी एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत काम करायचे, आणि समोरच गावाची लायब्ररी होती. तिथे विमानविद्येचं एक साप्ताहिक यायचं. त्यात सगळं चित्रांसह छापलेलं असे. रशियनांनी जहाजं बुडवण्यासाठी एक नवं क्षेपणास्त्र केलं होतं. आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने, पाण्याला जवळजवळ चाटत येणारं. आधीची क्षेपणास्त्रं त्या मानाने सावकाश येत. जहाजावरच्या माणसांना ती ओळखायला, तोफा वळवायला थोडा वेळ मिळे. हे मात्र क्षितिजावर दिसलं म्हणेपर्यंत येऊन आदळणार. अमेरिकनांकडे तसं काही नव्हतं, त्यामुळे त्याच्याशी लढण्याचा सराव कशावर करायचा, हा प्रश्न होता. म्हणून आपल्याच जुन्या क्षेपणास्त्रांना रशियनांसारखं खाली उडायला शिकवायचं आणि आपल्याच जहाजांकडे सोडायचं. शत्रूची नक्कल. त्या नकलेतली नळी माझा नवरा करत असावा, असा अंदाज मी लायब्ररीत उभ्या उभ्या केला, आणि अंक जागेवर ठेवून दिला. जे छापून आलं होतं तेवढंच मी इथे लिहिलं आहे. त्यापलीकडे मला आजही काही माहीत नाही.

या कामाला क्लिअरन्स लागायचा, म्हणजे गुप्त कामासाठीची सरकारी मंजुरी, आणि क्लिअरन्सला अमेरिकन नागरिकत्व. त्याने भारतीय पासपोर्ट सोडला, तेव्हा सासऱ्यांनी कित्येक महिने पत्र लिहिलं नाही. नंतर लिहिलं, त्यात फक्त हवामान. नागरिकत्व मिळाल्यावरही क्लिअरन्स लगेच येत नाही. तोवर कंपनीच्या पुढच्या भागात एक खोली होती, तिथे बसायचं. तिला सगळे आइसबॉक्स म्हणत. कुलपाच्या दाराआड खरं काम; या बाजूला टेबलं, जुनी पुस्तकं आणि माझ्या नवऱ्यासारखी ताटकळलेली माणसं. पगार पूर्ण, काम नाही. एक वर्षाहून जास्त काळ तो तिथे बसला. संध्याकाळी घरी आला की चिडचिड. डिशवॉशरमधली भांडी मी लावली की तो पुन्हा काढून स्वतः लावायचा.

चौकशीचा माणूस आजूबाजूच्या घरांतही जाऊन आला. शेजारीण मला नंतर सांगत होती, "तुम्ही दारू पिता का, भांडता का, उधळपट्टी करता का, असं विचारत होते. मी म्हटलं, त्यांच्याकडून फोडणीचा वास येतो, बाकी काही येत नाही."

क्लिअरन्स आला त्या दिवशी तो पिझ्झा घेऊन घरी आला आणि मुलीला खांद्यावर बसवून घरभर फिरला. ती तेव्हा सहा-सात वर्षांची, खांद्यावर बसण्याच्या मानाने मोठीच. त्यानंतरची तीन वर्षं मी त्याला जितकं खूश पाहिलं तितकं आधी किंवा नंतर पाहिलेलं नाही. दारामागे काय करायचा देव जाणे, पण डिशवॉशरला हात लावायचा नाही.

माझा धाकटा भाऊ भारतीय नौदलात होता. एकाहत्तरच्या लढाईत तो अगदी कोवळा अधिकारी. रशियन क्षेपणास्त्रं लावलेल्या छोट्या बोटी तेव्हा फार उपयोगी पडल्या, त्यांपैकी एका बोटीवर तो होता. ती क्षेपणास्त्रं जुन्या, सावकाश जातीची. पुढे नव्या जहाजाच्या प्रशिक्षणासाठी तो वर्षभर रशियातही राहून आला होता. शहाऐंशी साली अमेरिकन नौदलानेच वेगवेगळ्या देशांच्या अधिकाऱ्यांना त्यांच्या एका कॉलेजात अभ्यासाला बोलावलं, त्यात त्याचा नंबर लागला. आमच्यापासून बसने पाच-सहा तासांवर. आठ वर्षांनी आमची भेट होणार होती.

नवऱ्याने पहिली गोष्ट ही केली की कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला जाऊन सांगितलं. मेव्हणा भारतीय नौदलात आहे, तुमच्याच नौदलाचा पाहुणा आहे, दिवाळीच्या सुमाराला शनिवार-रविवार आमच्याकडे येणार आहे. अधिकारी म्हणाला, सांगितलंत हे बरं केलंत, कामाबद्दल बोलू नका. नवरा म्हणाला, "मी बायकोशीही बोलत नाही."

भाऊ शुक्रवारी संध्याकाळी आला. आल्या आल्या त्याने स्वयंपाकघरातला गळका नळ पाहिला.

"भाऊजी, हे कधीपासून?"

"दोन महिने. प्लंबर फार मागतो."

"प्लंबर कशाला? वॉशर गेलाय. पाना आहे का?"

पुढचे दोन तास ते दोघे ओट्याखाली डोकी घालून होते. पाना होता, वॉशर नव्हता. मग दोघे जाऊन हार्डवेअरच्या दुकानातून तीन आकारांचे वॉशर घेऊन आले, आणि तिन्ही चुकीचे निघाले. मी वरण-भात केला, सोबत त्याने आणलेलं आईच्या हातचं लोणचं. जेवताना आईचे गुडघे, चुलतभावाचं लग्न मोडलं ते, आणि हापूस अमेरिकेत का येत नाही, यावर चर्चा झाली. नवरा म्हणाला, "माशीमुळे." भाऊ म्हणाला, "माशी नाही, पॉलिटिक्स." तेवढ्यावर चांगला अर्धा तास गेला.

माझं लक्ष दोघांकडे होतं. एकाने तसली वस्तू समुद्रावरून सोडलेली. दुसरा, माझ्या अंदाजाने, तिची पुढची पिढी कशी येईल याची नक्कल उतरवणारा. दोघांनाही एकमेकांचा अंदाज असणार, आणि दोघेही वॉशरबद्दल बोलत होते. ते विमानविद्येचं साप्ताहिक एव्हाना घरीही यायचं, त्याचा अंक बैठकीत पडलेला होता, मुखपृष्ठावर युद्धनौका. भावाने चहाचा कप उचलला, अंक पालथा केला आणि त्यावर कप ठेवला.

मुलीने मात्र विचारलंच. इंग्रजीतच विचारलं, "मामा, तू कधी खरंखुरं जहाज बुडवलंयस?"

"मी कांदा चिरतोय. मध्ये बोलू नकोस, बोट कापेल."

"दॅट्स नॉट ॲन आन्सर."

"तुझी आईही लहानपणी अशीच होती," भाऊ म्हणाला. "हिलाही कधी कोणी उत्तर दिलं नाही."

दहा वाजता सगळे झोपले. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

शनिवारी आमच्या मराठी मंडळाची दिवाळी होती, एका शाळेच्या कॅफेटेरियात. मंडळाची एक रीत होती. भारतातून आलेला कोणीही पाहुणा कार्यक्रमाला आला की त्याचा सत्कार व्हायचा. गायक, निवृत्त न्यायाधीश हे तर झालेच. पण कोणाचे सासरे कधीकाळी डेप्युटी कलेक्टर होते म्हणून त्यांचाही झाला होता. त्या सासऱ्यांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ते शाल अंगावर घेऊन भाषण संपल्यावरही उभेच राहिले. मंडळाकडे शालींचा साठा असायचा. नारळ आयसेलिनहून यायचे. तिथे तेव्हा दोन-चारच भारतीय दुकानं होती. आणि सत्कारात स्तुती वाढवूनच करायची, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक. ज्याने एक पुस्तक लिहिलं त्याने साहित्याची सेवा केली, ज्याचा दवाखाना होता त्याने हजारोंचे प्राण वाचवले. कोणी मनावर घेत नसे. टाळ्या वाजवायच्या आणि फराळाकडे वळायचं.

अध्यक्ष नागपूरचे डॉक्टर होते, भूलतज्ज्ञ. त्यांची भाषणं लांब असत, आणि मागच्या रांगेतली पोरं म्हणायची, "काकांनी बोलायला सुरुवात केली की इंजेक्शनची गरजच नाही." माणूस वाईट नव्हता. कोणाच्या घरी आजारपण आलं की स्वतः डबा घेऊन जायचा.

मी त्यांना आधीच फोन केला होता. "डॉक्टर, भाऊ येणार आहे, पण सत्कार नको. त्यालाच नको आहे."

"अहो, नको म्हणणाऱ्याचाच तर सत्कार करायचा असतो! मागणाऱ्याचा कोण करतो?"

"त्याला खरंच अडचण होईल."

"दोन मिनिटांत आटपतो. नेव्हीत आहेत, एवढंच बोलतो. मग तर झालं?"

मी ठीक म्हटलं. दोन मिनिटांत ते कधीच आटपत नसत, पण त्यात धोका असेल असं मला वाटलं नाही.

त्या वर्षी मंडळाने सगळ्यांना कळवलं होतं की आपापल्या अमेरिकन मित्रांना बोलवा, आपली संस्कृती दाखवा. नवऱ्याने त्याच्या साहेबांना बोलावलं. कुलपाच्या दाराआड त्याचा वरिष्ठ असलेला हा माणूस मोजकं बोलणारा, सभ्य, नेहमी अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि टाय घालणारा. तो बायकोला घेऊन वेळेवर आला. वेळेवर आलेले ते दोघेच. आमची माणसं येईपर्यंत त्यांनी रांगोळी तीनदा पाहिली.

नाट्यगीतं झाली, लहान मुलांचा नाच झाला. मग डॉक्टरांनी भावाला मंचावर बोलावलं, शाल घातली, नारळ हातात दिला. मराठीत सुरुवात केली, आणि तेवढ्यात त्यांची नजर पुढच्या रांगेतल्या अमेरिकन जोडप्यावर गेली. पाहुण्यांना कळावं म्हणून ते इंग्रजीकडे वळले. ही त्यांची सभ्यताच होती.

इंग्रजीत ते म्हणाले, की हे एकाहत्तरच्या लढाईतले वीर आहेत. (हे त्यांना नागपूरच्या कोणा ओळखीच्याकडून कळलं होतं.) यांनी सोव्हिएत रशियात राहून तिथल्या अगदी नव्या क्षेपणास्त्रांचं शिक्षण घेतलं आहे. आणि योगायोग पाहा, यांचे मेव्हणे म्हणजे आपल्याच मंडळाचे सभासद, इथे अमेरिकेत त्याच रशियन क्षेपणास्त्राला उत्तर तयार करताहेत! (कंपनी नौदलाची कामं करते, एवढंच मंडळात ठाऊक होतं; बाकीचं त्यांनी मनाने जोडलं.) टाळ्या झाल्या. डॉक्टरांना रंग चढला. काल रात्री, ते म्हणाले, हे दोन महान तज्ज्ञ पहाटेपर्यंत जागे होते, आपापल्या विद्येची देवाणघेवाण करत होते. मॉस्को आणि वॉशिंग्टनला जे जमलं नाही ते आपल्या एका मराठी घरातल्या जेवणाच्या टेबलावर झालं!

कॅफेटेरिया हास्याने भरून गेला. साहेबांच्या बायकोनेही टाळ्या वाजवल्या. साहेबांनी हातातला सामोसा कागदी बशीत परत ठेवला.

भाऊ मंचावर तसाच उभा. स्वतःच्या सत्कारात मध्येच तोंड उघडून हे खोटं आहे म्हणणारा मराठी माणूस मी पाहिलेला नाही. शाल अंगावर, नारळ छातीशी, चेहऱ्यावर सत्काराचं हसू. उत्तरादाखल बोलायला सांगितलं तेव्हा त्याने माइक घेतला आणि पुढच्या रांगेकडे बघत इंग्रजीत सांगितलं, "मी आणि माझे मेव्हणे काल संध्याकाळभर स्वयंपाकघरातल्या नळाबद्दल बोलत होतो. तो अजून गळतो आहे."

लोक आधीपेक्षा जोरात हसले. काय विनोदी अधिकारी आहे, असं माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या.

घरी परतताना गाडीत भावाने शाल घडी करून मांडीवर ठेवली. मग तो म्हणाला, "ताई, मी परत गेल्यावर आमच्याकडे हे स्वतः सांगून टाकणार. दुसऱ्याकडून कळलं तर जास्त वाईट." नवरा म्हणाला, "सांगाच. मीही सोमवारी सांगतो." त्या वेळी दोघांचा आवाज अगदी एकसारखा होता, कामावरच्या माणसांचा.

सोमवारी तो सांगायला गेला तेव्हा साहेब आधीच सुरक्षा अधिकाऱ्याकडे जाऊन आलेले होते. साहेबांनी त्याला बाहेर पार्किंगमध्ये गाठलं. म्हणाले, "मला सांगावंच लागलं. माझ्या जागी तू असतास तर तूही सांगितलं असतंस."

"हो," नवरा म्हणाला, "सांगितलं असतं."

त्या दुपारी त्याचा बिल्ला बदलला, आणि तो पुन्हा आइसबॉक्समध्ये बसायला लागला. चौकशी पूर्ण होईपर्यंत, असं म्हणाले. क्लिअरन्स राहिला तर नोकरी राहणार. गेला तर ज्या एका नळीवर त्याने निम्मं आयुष्य घालवलं होतं तिला हात लावायची जागा त्याच्यासाठी उरणार नव्हती. कारण अशी नळी विमानात बसवत नाहीत, गाडीत बसवत नाहीत. ती असल्या क्षेपणास्त्रांतच असते.

चौकशीचा माणूस आमच्या घरी आला. तरुण, केस बारीक कापलेले, जोडे दाराबाहेर काढून आला. मी चहा दिला, त्याने घेतला नाही.

"त्या रात्री ते दोघे कशाबद्दल बोलले?"

"नळ. माझ्या आईचे गुडघे. एक मोडलेलं लग्न. आंबा."

"आंबा?"

"हापूस आंबा तुमच्या देशात का येऊ देत नाहीत, यावर. माझा नवरा म्हणत होता माशीमुळे."

त्याने लिहून घेतलं. "मॅडम, दोघे एकाच क्षेत्रातले. आठ वर्षांनी भेटले. आणि नळाबद्दल बोलले?"

"तुम्ही मेव्हण्याला भेटता तेव्हा कशाबद्दल बोलता?" मी विचारलं.

त्याने पेन खाली ठेवलं. "फुटबॉल," म्हणाला. पण ते त्याने लिहून घेतलं नाही.

मग त्याने विचारलं, की तुमच्या अध्यक्षांनी, एका डॉक्टरने, शंभर-दीडशे लोकांसमोर धडधडीत खोटं सांगितलं, असं तुमचं म्हणणं आहे का? मी म्हटलं, खोटं नाही, सत्कार आहे. तो म्हणाला, म्हणजे काय? मी समजावण्याचा प्रयत्न केला. आमच्यात स्तुती वाढवून करतात, ऐकणाऱ्याला कळतं. त्याने विचारलं, "मग ऐकणाऱ्याला खरं कुठलं आणि वाढवलेलं कुठलं, हे कसं कळतं? भाऊ नौदलात आहे, हे खरं ना?" खरं. "एकाहत्तर खरं?" खरं. "रशिया खरं?" खरं. "नवऱ्याचं काम?" त्यावर मी म्हटलं की मला माहीत नाही. "मग फक्त शेवटचंच वाक्य खोटं?"

मी हो म्हटलं. मलाच ते पटण्यासारखं वाटलं नाही.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. रविवारची दुपार, त्यांच्या मोठ्या घरात. काकूंनी चिवडा आणून ठेवला. नवऱ्याने सांगितलं की तुम्ही लिहून द्या, ते वाक्य तुम्ही मनाने रचलं होतं.

डॉक्टर लालबुंद झाले. "म्हणजे मी खोटारडा, असं मी स्वतः अमेरिकन सरकारला लिहून देऊ?"

"डॉक्टर, माझी नोकरी जाईल."

"अहो, पण सत्कारात असं बोलतातच! माझ्या साठीला तुम्हीच म्हणालात ना, की मी हजारोंना मृत्यूच्या दारातून परत आणलं? मी भूल देतो हो, दार उघडतो-बंद करतो सर्जन!"

"मग तेवढंच लिहा," मी म्हटलं. "असं बोलतातच, हे लिहा."

काकूंनी चिवड्याची बशी बाजूला सारली. त्या म्हणाल्या, "लिहा मुकाट्याने. सभेत बोलायला जीभ चालते, इथे हात चालेना?"

त्यांनी लिहिलं. टाइप करून, मंडळाच्या कागदावर, चांगलं दोन पानी. आम्हाला प्रत पाठवली ती पत्र गेल्यानंतर. भाषणातलं वाक्य अलंकारिक होतं, हे त्यात एका ओळीत होतं. बाकी पत्र म्हणजे माझ्या नवऱ्याचा दुसरा सत्कारच होता. त्याची बुद्धी, त्याचा स्वभाव, आणि शेवटी, हा मनुष्य आपल्या दोन्ही मातृभूमींवर सारखीच निष्ठा ठेवतो आणि दोघींसाठीही प्राण देईल.

नवऱ्याने ते वाक्य दोनदा वाचलं. कागद टेबलावर ठेवला. "संपलं," म्हणाला.

लगेच संपलं नाही. हिवाळा गेला. सुरक्षा अधिकाऱ्याने मला एकदा कंपनीत बोलावून सुचवलं, की तुम्ही भावाशी पत्रव्यवहार थांबवलात तर ते तुमच्या बाजूने दिसेल. मी घरी येऊन हे सांगितलं आणि म्हटलं, मी थांबवते. माझा हिशोब सरळ होता: भाऊ कुठे पळून जात नव्हता, नोकरी जात होती. नवरा म्हणाला नको. मी म्हटलं, तुमच्या नको म्हणण्याने काय होतं? मी कॉलेजात फोन केला. भाऊ माझं अर्धं वाक्य ऐकून म्हणाला, "ताई, मीच सांगणार होतो. आमच्याकडूनही लेखी विचारलंय. काही दिवस गप्प राहू या." त्याने आईची तब्येत सांगितली, फोन ठेवला. परत जाताना तो विमानतळावर होता, आमच्यापासून तासाभरावर. आम्ही गेलो नाही. त्याला मिळणार होतं ते जहाज पुढे त्याला मिळालं नाही. एका प्रशिक्षण केंद्रात टेबल मिळालं. कारण हेच होतं असं मी म्हणत नाही. तोही म्हणत नाही.

वसंत लागता लागता क्लिअरन्स काढून घेतल्याचं कळवलं. अपील करता येत होतं, वकील करून. वकील म्हणाला, दोन वर्षं लागतील, आणि तोवर कंपनी आइसबॉक्समध्ये पगार देत बसणार नाही. तसंच झालं. साहेबांनी चांगलं शिफारसपत्र दिलं. त्यात त्याने काय काम केलं ते लिहिता येत नव्हतं, म्हणून तो वक्तशीर आणि विश्वासू आहे असं लिहिलं होतं.

मी घर विकायला काढलं. ओहायोत डब्लिनजवळ कारखान्यांच्या भट्ट्यांचे बर्नर करणारी एक कंपनी होती, तिथे त्याला घेतलं. हवा आत, इंधन, ज्योत बाहेर. ज्योत विझू नये एवढंच पाहायचं, आणि ती एका जागी बसलेली. मुलाखतीत त्यांनी विचारलं, तुम्ही याआधी कोणत्या प्रकारच्या ज्वलनावर काम केलंत? तो म्हणाला, "जरा जोराच्या वाऱ्यातल्या." मला रक्तपेढीतच काम मिळालं. रक्त सगळीकडे लागतं.

सामान अजून खोक्यांतच होतं, मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळच्या बातम्यांत सांगितलं की आखातात एका अमेरिकन युद्धनौकेवर विमानातून सोडलेली दोन क्षेपणास्त्रं आदळली. झोपलेली पोरं जळून मेली होती. टीव्हीवर काळवंडलेली, एका बाजूला कलंडलेली नौका दाखवत होते. कोणी तरी सांगत होता, की जहाजावर कोणालाच वेळेत काही कळलं नाही.

नवरा उभा राहून पाहत होता. हातात मोजे होते, धुतलेले, जोड्या लावायला घेतलेले. चित्रात भोक दाखवलं तेव्हा तो पडद्याच्या अगदी जवळ गेला.

"हे जुन्या जातीचं आहे," तो म्हणाला. "हे सावकाश जाणारं."

मी भाजीकडे वळले. तो मागोमाग स्वयंपाकघरात आला, आणि त्याने न्यू जर्सीला साहेबांच्या घरी फोन लावला. मी भाजी परतत होते, सगळं ऐकू येत होतं. त्याने स्वतःचं नाव सांगितलं, बातम्या पाहिल्या का विचारलं. मग म्हणाला, "मला एकच विचारायचं होतं. सरावात जहाजावरच्या माणसांना नेमका किती वेळ..." तिकडून बोलणं तोडलं असावं. तो थांबला. "हो," म्हणाला. "हो, ते मला कळतं. साहजिक आहे." आणखी थोडं ऐकलं. "सांगतो," म्हणाला, आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"तुला हॅलो सांगितलंय."

तो बाहेर जाऊन परत टीव्हीसमोर उभा राहिला. बातम्या पुढे सरकल्या होत्या, हवामान चालू होतं. मी गॅस बंद केला आणि मुलीला जेवायला हाक मारली.